जतन कशाचे?

कोकणातून उत्तरेत आलेल्या आम्हां मंडळींची एक भाबडी समजूत असते. ओल, शेवाळ, कुबट वास, फडताळातल्या धोतरजोड्यांवर एका रात्रीत उगवणारी पांढरी भुरी, हे सारे आपण घाटाखाली मागे टाकून आलो, असे आम्ही धरून चालतो. दिल्लीचा ज्येष्ठ ज्याने एकदा सोसला आहे, लू वाहू लागल्यावर ज्याचे ओठ फुटले आहेत आणि लाकडी दारांच्या फळ्या तडकताना ज्याने ऐकल्या आहेत, त्याला या शहरात बुरशीचे भय बाळगण्याचे कारण दिसत नाही. राजापूरकडे आमच्या आजीने आयुष्यभर जे युद्ध केले, ते आपल्या नशिबी नाही, असे मीही पुष्कळ वर्षे मानीत आलो.

ते युद्ध मी लहानपणी पाहिले होते. मृग लागण्यापूर्वी बेगमीचे डबे भरले जात. लोणच्याच्या बरणीवर स्वच्छ फडक्याचा दादरा घट्ट बांधला जाई, आणि घरात लहान-थोर कोणीही त्या बरणीत ओला हात घालायचा नाही, असा दंडक असे. पावसाची झड लागली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तान्ह्या मुलांची दुपटी सुकवीत. श्रावणात जरा उघडीप मिळाली, की आजी हातातले काम टाकून गाद्या, पापड, पोथ्या आणि देव्हाऱ्यातले सोवळे यांना अंगणात ऊन दाखवी. कंटाळा हा शब्द तिच्या कोशात असावा असे मला कधी वाटले नाही. केलेले काम आठ दिवसांत निष्फळ होणार हे तिला ठाऊक असे, आणि तरीही ती ते करी. या गोष्टीचे मोल मला फार उशिरा कळले.

दिल्लीतल्या माझ्या तळमजल्यावरच्या घरात बुरशी आली ती चोरपावलांनी. बिछान्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, प्रथम रंगाचा पापुद्रा सुटला. त्याखाली मिठासारखी पांढरी पूड दिसली. इकडे तिला शोरा म्हणतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात. ती बुरशी नव्हे. पायातली ओल विटांतून वर चढते, तिच्याबरोबर जमिनीतले क्षार येतात, आणि पाणी उडून गेले की ते क्षार भिंतीवर राहतात. परंतु जेथे ओल आली तेथे तिच्या मागून बुरशी येणारच. आषाढ-श्रावणात दिल्लीची हवाही चांगलीच दमट होते. त्यात उन्हाळ्यात आम्ही खिडक्या मिटून कूलर चालवतो, म्हणजे कोंडलेल्या खोलीत पाण्याची वाफ आपल्या हातांनी भरतो. हिवाळ्यात दारे बंद, न्हाणीघरातली वाफ आत, आणि बाहेरची भिंत थंडगार. त्या थंड भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे दव साचते. कोरड्या देशात राहतो या भरवशावर आम्ही भिंतींना श्वास घेण्याची सोय ठेवलेली नसते. दोन पावसाळ्यांत त्या भिंतीवर काळे ठिपके उमटले, आणि त्यांची नक्षी हळूहळू वर चढू लागली.

मी काय केले? सांगताना संकोच वाटतो, पण निबंधकाराने स्वतःची झडती प्रथम द्यावी, हे बरे. मी रंगारी बोलावला. त्याने ठिपके खरवडले आणि वर तेलाचा चकचकीत रंग दिला. भिंत दिवाळीपुरती देखणी झाली. पुढच्या भाद्रपदात रंगाला फोड आले, त्यांतून पुन्हा तीच काळी नक्षी डोकावू लागली. मी पुन्हा रंगारी बोलावला. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेस मी एक मोठे कपाट सरकवून त्या भिंतीसमोर उभे केले, आणि भिंत दिसेनाशी झाल्यामुळे प्रश्न मिटला असे स्वतःला सांगितले. त्याच कपाटाच्या तळाशी वडिलांची ट्रंक होती.

आता या बुरशीच्या स्वभावाचा थोडा विचार करू. ती बाहेरून आलेली शत्रू आहे, असे आपण समजतो; ही पहिली चूक. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात, तुमच्याआमच्या श्वासात असतात, राजवाड्यात असतात आणि झोपडीतही असतात. त्यांचा निःपात करणे कोणालाही शक्य नाही. त्यांना हवे असते ते इतकेच की काहीतरी खाण्याजोगे असावे आणि ते दीर्घ काळ ओले राहावे. कागद, खळ, लाकूड, कापूस, चामडे, हे सारे तिला खाद्यच. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत कोरडी झाली तर बुरशी बहुधा धरत नाही. खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत राहिली तर बीजाणू निपचित पडून राहतात. म्हणजे बुरशी हा रोग नसून ओलीचे उघडे पडलेले लक्षण आहे. ते लक्षण पुसणाऱ्याने फक्त आपली लाज पुसलेली असते.

दुसरी चूक म्हणजे बुरशीला दुष्ट मानणे. रानात पडलेले पान तिने कुजवले नाही, तर पुढच्या वर्षीच्या अंकुराला माती मिळणार नाही. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत अशीच एक आगंतुक बुरशी उगवली, आणि तिच्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला तो याच औषधासाठी. ज्या प्रदेशातल्या आज्या बुरशीला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या देत आल्या, तेथेच ती टाक्यांतून मुद्दाम वाढवली गेली आणि असंख्य मुलांचे प्राण तिने वाचवले. तेव्हा नाश करणे हा बुरशीचा गुन्हा नव्हे, तो तिचा नेमून दिलेला व्यवसाय आहे. ज्याला आपण टाकून दिले, ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्याची ती विल्हेवाट लावते. माझ्या ट्रंकेकडे ती वळली याचा अर्थ एवढाच, की ती ट्रंक मी टाकून दिली आहे असे तिने मानले. तिचे मानणे चुकीचे होते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ट्रंकेत काय होते ते सांगतो. माझे वडील १९४८ साली सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले. त्यानंतरची काही वर्षे आजोबांनी त्यांना गावाहून पाठवलेली पत्रे, बहुतेक मोडी लिपीतली. दिवाळी अंकांचे काही बांधलेले खंड. आणि वडिलांची रोजखर्चाची वही. वडील हयात असताना त्या ट्रंकेला वर्षातून एकदा हवा मिळे. सरकारी बिऱ्हाडाला गच्ची होती. पितृपक्ष संपून आश्विनातले स्वच्छ ऊन पडू लागले की एखाद्या रविवारी ते सतरंजी पसरून सारे कागद मांडीत, आणि दगडाखाली एकेक पत्र दाबता दाबता ते वाचीत. दिवस मावळेपर्यंत पत्रे वाळलेली असत आणि वाचूनही झालेली असत. ही दोन कामे आहेत असे मला तेव्हा वाटले नाही. वडील गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. मला मोडी अडखळत येई. गच्चीही राहिली नव्हती. मी ट्रंकेत डांबरगोळ्या टाकल्या, कडी लावली, आणि आपण पूर्वजांचा ठेवा जपतो आहोत, या समाधानात वीस-बावीस वर्षे काढली.

त्यानंतर मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात आमच्याकडे राहावयास आली. नात आजोबांच्या खोलीत झोपण्याचा हट्ट धरी. श्रावणात तिला खोकला सुरू झाला, आणि एका रात्री तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. ती उठून बसली, माझा हात घट्ट धरून खांदे वर-खाली करीत राहिली. ती रात्र मी विसरू शकणार नाही. डॉक्टरांनी औषध दिले, आणि मग विचारले, मूल झोपते तेथे ओल आहे काय? मुलाने कपाट ओढून बाजूला केले. मागची भिंत कमरेच्या वरपर्यंत काळी झाली होती. ट्रंक उघडताच जो वास आला त्याने मुलीला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, हे सारे आजच टाकून देऊ." मी म्हणालो, ही तुझ्या पणजोबांची अक्षरे आहेत. त्याने एकच प्रश्न केला, "तुम्ही ती शेवटची कधी वाचलीत?" मला उत्तर देता आले नाही.

मेलेल्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे आपण मानतो. जिवंतांचेही ऋण आहे, हे तर सांगावेच लागत नाही. एरवी ही दोन ऋणे एकमेकांच्या आड येत नाहीत. परंतु ज्या कागदावर आजोबांचा हात फिरला तोच कागद नातीचा श्वास कोंडू लागला, तर कोणाचे ऋण आधी फेडावे? भावनेने पाहिले तर उत्तर अवघड नाही, मूल आधी. पण उत्तर सोपे असले म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही. तेवढ्याने सारी जुनी दप्तरे उकिरड्यावर टाकण्याची सनद मिळते काय? उद्या प्रत्येक पिढी आपल्या सोयीपुढे मागच्यांचे सारेच अडगळ ठरवू लागली, तर मनुष्याला भूतकाळ म्हणून काही उरेल काय?

येथे इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होते. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीच्या खोल्यांतून त्यांनी जुनी दप्तरे मिळवली, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात पानिपतच्या मोहिमेच्या काळातली पत्रे आहेत. ज्या घरांतून असे कागद निघत, ती घरे दप्तर जपून ठेवल्याचा अभिमान बाळगीत. आणि रुमालांत बांधलेले ते कागद वाळवी, कसर आणि ओल यांच्या स्वाधीन झालेले असत. पुष्कळ ठिकाणी मालक दप्तर दाखवावयासही राजी नसत. जपणे या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या क्रिया दडवतो, हे मला या उदाहरणातून दिसते. एक जपणे म्हणजे वारंवार उघडणे, पाहणे, झटकणे, दुसऱ्याला दाखवणे. दुसरे म्हणजे नुसते साठवणे, कडी लावणे आणि दुसऱ्याचा हात लागू न देणे. पहिल्यात श्रम आहेत, दुसऱ्यात फक्त मालकी आहे. बुरशीला हा भेद अचूक कळतो. मला तो कळला नव्हता.

पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादित केले. मूळ कागदाला कितीही झीज लागली, तरी त्यांतला मजकूर आता शेकडो ग्रंथालयांत आहे. मूळ कागद जपावा हे खरेच. त्याचे शास्त्रही आहे. भारतातल्या अभिलेखागारांत बुरशी धरलेले कागद बंद पेटीत ठेवून त्यांना ओव्याच्या सत्त्वाची, म्हणजे थायमॉलची, धुरी देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. पोटदुखीला ओवा देणाऱ्या आमच्या आजीला हे ऐकून आनंद झाला असता. परंतु त्या धुरीची एक मर्यादा जाणकार सांगतात. ती त्या वेळची बुरशी मारते, पुढची रोखत नाही. कागद पुन्हा दमट जागी ठेवला की पुन्हा तेच. आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला अधिक विचार करावयास लावते. बुरशी मेली तरी तिचे कण उरतात, आणि ज्याला त्यांचे वावडे आहे त्याचा श्वास मेलेल्या बुरशीनेही कोंडतो. मारणे पुरेसे नसते, झटकून दूर करावे लागते.

१९६१ हे वर्ष या विचाराला मोठे बोधप्रद आहे. त्या जानेवारीत पानिपतच्या रणसंग्रामाला दोनशे वर्षे झाली. त्याच वर्षी शेजवलकरांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथ मराठीत आला. आणि त्याच वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. पाणी काही तासांत ओसरले, पण भिजलेल्या भिंती, चिखल आणि ओल मागे राहिली. किती घरांतली किती बाडे त्या चिखलात गेली, त्याची मोजदाद कोण करणार? पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी शिरली, आणि तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले असंख्य ग्रंथ चिखलाने माखले. देशोदेशीची तरुण मुले हातोहात साखळी करून ते ग्रंथ वर काढीत होती. तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांतसुद्धा पुस्तके वाळवावी लागली. भिजलेला ग्रंथ बुरशी धरण्यापूर्वी कोरडा झाला पाहिजे, हीच तेथली मुख्य धडपड होती. ती परकी मुले त्या ग्रंथांची मालक नव्हती. त्यांतल्या अनेकांना तो मजकूर वाचताही येत नसेल. तरी खरे जतन त्यांनी केले. मी मालक होतो, आणि माझ्या कपाटाआड भिंत काळी होत होती.

मुलाशी झालेल्या त्या बोलण्यानंतर आठ दिवसांनी, पाऊस थांबलेला पाहून मी आणि एक वृद्ध स्नेही पानिपतला गेलो. ते मोडीचे चांगले जाणकार. ट्रंकेतली जी पत्रे अद्याप सुटी होत होती, ती मी एका कागदी पाकिटात घालून बरोबर घेतली होती. गावापासून सुमारे आठ किलोमीटरांवर काला अंब आहे. आपण मराठीत त्याला काळा आंबा म्हणतो. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी १७६१ या दिवशी जे घडले त्याचे हे स्मारक. येथे एक आंब्याचे झाड होते, आणि रणात सांडलेल्या रक्ताने त्याची पाने व फळे काळी पडली, अशी लोककथा आहे. आज ते झाड नाही. त्याच्या जागी विटांचा एक स्तंभ आणि त्यावर लोखंडी दंड आहे. वाळून गेलेल्या त्या झाडाच्या लाकडाचे एक कोरीव दार केले गेले. ते पानिपतच्या संग्रहालयात आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला येथे महाराष्ट्रातून आणि दिल्लीतून मराठी माणसे येतात. आपण पानिपतच्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानणारे हरियाणातले रोड समाजाचे लोकही मोठ्या संख्येने जमतात. त्या दिवशी भगवे ध्वज, घोषणा आणि भाषणे असतात. श्रावणातल्या त्या दुपारी मात्र कोणी नव्हते. गवत ओले होते, भोवतीच्या भातखाचरांत पाणी साचले होते, स्तंभाच्या पायथ्याच्या विटांवर हिरवट थर चढला होता. आम्ही एका कोरड्या बाकावर बसलो, आणि स्नेही पत्रे वाचू लागले.

एका पत्रात आजोबांनी वडिलांना गावचे वर्तमान कळवले होते. पाऊस वेळेवर झाला, भात बरे आहे, म्हैस व्याली, धाकट्याची परीक्षा. मग दोन ओळी दारच्या आंब्याविषयी. यंदा मोहोरावर तुडतुडे फार पडले, पानांना चिकटा सुटला आणि सारे झाड काजळ फासल्यासारखे काळे झाले. घरातली माणसे अपशकुन म्हणून घाबरली आहेत, पण ती केवळ बुरशी आहे, मोठा पाऊस पडला की धुऊन जाईल, तू काळजी करू नये.

स्नेह्यांनी पत्र घडी घालून ठेवले आणि आम्ही दोघेही समोरच्या स्तंभाकडे पाहू लागलो. दोघांच्या मनात एकच विचार आला असावा, पण तो त्या जागी बोलून दाखवणे दोघांनाही प्रशस्त वाटले नाही. आंब्याच्या पानांवर काळी बुरशी धरते हे कोकणातला कोणताही बागवाला सांगेल. ती झाडाला खात नाही; किड्यांनी टाकलेल्या गोड चिकट रसावर ती वाढते, आणि पानांचा प्रकाश अडवते. येथला तो प्रसिद्ध आंबा कशाने काळा झाला होता, किंवा गर्द सावलीमुळेच तो लांबून काळा दिसत होता, याचा निवाडा आज होणे नाही. झाडच उरलेले नाही. आणि समजा, झाला असता, तरी ज्या लोकांनी त्या काळिम्यात रक्त पाहिले त्यांना खोटे ठरवण्यात काय हशील? एका दिवसात इतके जीव गेले की त्या दुःखाला एखादी दृश्य खूण हवीच होती. त्यांनी ती झाडावर पाहिली.

परंतु दुःखाची खूण आणि दुःखाची बुरशी यांत अंतर आहे, हे तेथे बसून मला जाणवू लागले. पानिपतानंतरच्या पुण्यात याचा एक हृदयद्रावक दाखला आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मानला नाही. भाऊ परततील, या आशेवर त्यांनी सौभाग्यचिन्हे सोडली नाहीत. त्या माउलीच्या श्रद्धेविषयी कठोर शब्द काढण्याचा अधिकार कोणाला आहे? पण जी गोष्ट एका स्त्रीच्या मनात शोक म्हणून पवित्र होती, तीच लोकांच्या मनात मिटल्या कोठडीतल्या ओलीसारखी साचत राहिली. भाऊ जिवंत आहेत, ही कुजबुज वर्षानुवर्षे चालली. तिच्यावर एके दिवशी तोतया उगवला. त्याने बंड उभारले, माणसे गोळा केली, किल्ले घेतले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्याची झोप उडवली. तोतया आकाशातून पडला नव्हता. असे लोक सर्व काळी सर्वत्र असतात, हवेतल्या बीजाणूंसारखे. त्याला धरावयास ओली जागा मिळाली, इतकेच.

आठवण कोंडून ठेवली की तिची अशी गत होते. पराभवाची आठवण कोंडली तर तिच्यावर कधी पोकळ बढाईची भुरी धरते, कधी कोणाविषयी तरी द्वेषाची काळी बुरशी. ज्यांनी तलवार चालवली ते सारे केव्हाच मातीत मिसळले. वैरही वास्तविक मेलेले. पण मेलेली बुरशीही श्वास कोंडते, हे मी आमच्या घरात पाहिले होते, आणि त्या श्वासाला तो वास कोणाच्या आजोबांचा आहे हे कळत नाही. याउलट राजवाडे, सरदेसाई, शेजवलकर यांनी त्याच पानिपताचे कागद उघड्यावर मांडले. कोठे कोण चुकले, रसद का तुटली, सोबती का फिरले, शत्रूपक्षातही कोण माणुसकीने वागले, हे सारे वाऱ्यावर आले. त्यामुळे दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. मात्र ते दुःख आता पुढच्या पिढीच्या हाती बिनधोक देता येते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मजकूर उतरून घेतला म्हणजे जतन झाले, असे म्हणावयाचे असेल तर मूळ कागदाला काय अर्थ? आजोबांचा बोरू कोठे अडला, शाई कोठे फिकी झाली, वहिनींनी समासात दोन शब्द कोठे घातले, हे नकलेत कसे येणार? वाळलेल्या झाडाचे दार केले, ठीक. पण दार म्हणजे झाड नव्हे. हे मला मान्य आहे. नक्कल करणारा प्रत्येक माणूस काहीतरी गमावतो, आणि गमावले नाही असे म्हणणारा खोटे बोलतो. परंतु पर्याय कोणता होता? झाड ठेवणे हा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता. लाकूड कुजू देणे किंवा त्याला दुसरा आकार देणे, हेच दोन होते. कुजणे टळत नाही, तेव्हा कशाचा किती अंश कोणत्या रूपाने पुढे न्यावा, हे ठरवण्याचे काम जिवंतांना पार पाडावे लागते. ते काम न करता कडी लावून बसणे, यालाच मी इतकी वर्षे निष्ठा समजत होतो.

घरी आल्यावर मी काय केले ते थोडक्यात सांगतो. भिंतीचा तेलरंग पूर्ण खरवडला, पायातल्या ओलीचे मूळ शोधले. शेजारच्या न्हाणीचा नळ भिंतीच्या आत गळत होता. तो दुरुस्त झाल्यावर भिंत चार महिने उघडी सोडली, आणि मग तिला साधा चुना दिला. चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही, आणि त्याच्या तीव्र क्षारतेत बुरशीला जीव धरता येत नाही. पण हवेने ती क्षारता हळूहळू उतरते, म्हणून चुना पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. दिवाळीपूर्वी घराला सफेदी देण्याच्या रिवाजामागे सणाच्या हौसेबरोबर हेही शहाणपण असावे.

पत्रे घराबाहेर नेली. प्रथम सावलीतल्या वाऱ्यावर पूर्ण वाळू दिली. कडक उन्हाने शाई उडते, हे वडिलांना ठाऊक नसावे, मला जाणकारांनी सांगितले. ओल्यावर पुसले की डाग पसरतो, म्हणून कोरडी झाल्यावर नाकाला फडके बांधून मऊ कुंचल्याने एकेक झटकले. दिवाळी अंक गेले. वही गेली. सुमारे निम्मी पत्रे एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. ती उघडली नाहीत. उरलेल्यांची छायाचित्रे घेतली, आणि स्नेह्यांनी मोडीतून बाळबोधीत उतरून दिली. सात पत्रे मूळ रूपात ठेवली, ती बैठकीच्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून, उघड्या फळीवर. नातीच्या खोलीत आता कागद नाही. तिचा खोकला कमी झाला आहे. पूर्ण गेलेला नाही. दमट दिवसांत मी अजून रात्री उठून तिचा श्वास ऐकतो.

त्या लगद्यात काय होते, हे आता कळणार नाही. आजोबांनी त्यांत काही महत्त्वाचे लिहिले असेल, किंवा म्हैस व्याल्याचेच वर्तमान असेल. ते बुरशीने खाल्ले असे मी पाहुण्यांना सांगतो, आणि सांगताना ते पुरते खरे नाही हेही मला माहीत असते. बुरशी आली ती माझ्या मागून.

आश्विनातल्या एका रविवारी आम्ही ती सात पत्रे काढली. नात शेजारी बसली होती. काळ्या आंब्याच्या पत्रावर तिने बोट ठेवले आणि विचारले, "आजोबा, मग पाऊस पडला का? झाड धुतलं गेलं का?"

पुढचे पत्र उरलेले नाही. मी तिला तसे सांगितले.